मराठी संदर्भसूची संगणकावर करताना: सॉफ्टवेअर कुठे अडतं आणि वाट कशी काढायची

ठाण्यात संशोधन करणाऱ्या मुलामुलींना संदर्भसूची लावायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. बहुतेक जण प्रबंध जमा करायच्या महिनाभर आधी येतात. नेरुळची एक विद्यार्थिनी अशीच आली होती. विषय नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्त गावांचा, कष्ट भरपूर घेतलेले, सूची झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित भरलेली. पण छापून पाहिली तर सिडको पाच ठिकाणी विखुरलेलं. एकदा 'सिडको', एकदा 'शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ', एकदा त्याच नावात 'आणि'च्या जागी 'व', एकदा पूर्ण इंग्रजी नाव आणि एकदा इंग्रजी आद्याक्षरं. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेली एकच संस्था, पण संगणकाच्या लेखी हे पाच निरनिराळे लेखक होते. ते एकत्र आणायला आम्हा दोघींचे दोन शनिवार-रविवार गेले.

ही सॉफ्टवेअरं वाईट नाहीत. झोटेरोशिवाय काम करण्याचा विचारही मी आता करत नाही. पण ती घडली इंग्रजी पुस्तकांच्या आणि इंग्रजी नियतकालिकांच्या सवयींवर. मराठी साधनं त्यांत भरायला लागलं की काही सोयी मुळातच नाहीत हे कळतं, आणि ते शेवटच्या महिन्यात कळलं तर फार महागात पडतं. म्हणून पहिली नोंद करण्याच्या आधीपासूनचा क्रम इथे देते आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं

प्रबंध वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये लिहिणार असाल तर झोटेरो घ्या. २००६ पासून ते मोफत मिळतं आणि मुक्तस्रोत आहे. लाटेक, म्हणजे संकेत लिहून मजकूर जुळवण्याची पद्धत, वापरणार असाल तर जॅबरेफ घ्या, ते थेट बिब फाइलवर, म्हणजे लाटेकसाठीच्या संदर्भांच्या फाइलवर, काम करतं. लिबरऑफिसमध्ये ग्रंथसूचीचा स्वतःचा डेटाबेस असतो आणि काही जण तोच वापरू पाहतात. दहा-वीस नोंदींसाठी ठीक आहे, त्यापुढे नको. त्यात लेखकासाठी एकच रकाना आहे. तीन लेखक असतील तर तिघांची नावं एका ओळीत टाकायची, म्हणजे 'पहिलं नाव आणि इतर' असं छोटं रूप त्यातून आपोआप निघत नाही. मजकुरात संदर्भ देताना क्रमांक किंवा आपण ठरवलेलं छोटं नाव, एवढेच पर्याय. स्वतःचे म्हणून पाच मोकळे रकाने मिळतात, सहावा नाही.

पायरी पहिली: नियमवही

हे काम कागदावरचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. ग्रंथालयशास्त्रात एका लेखकाचं एकच प्रमाण नाव ठरवून बाकीची रूपं त्याला जोडतात. ही सोय मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकेत असते, आपल्या हातातल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. झोटेरो टाइप करताना आधीची नावं सुचवतं, पण दोन रूपं एकाच व्यक्तीची आहेत हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ती यादी आपण ठेवायची.

साधी दोनशे पानी वही घ्या, किंवा स्प्रेडशीट. डावीकडे प्रमाण रूप, उजवीकडे सापडलेली बाकीची रूपं. संस्थांसाठी वेगळी पानं, गावांसाठी वेगळी. ठाण्यावर काम करणाऱ्याला गावांची पानं हमखास लागतात. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये तेराव्या खंडात जिल्ह्याचं नाव 'थाना' अशा रोमन वर्णलेखनात येतं, त्याहून जुन्या इंग्रजी कागदांत 'टॅना' दिसतं, आणि आजचं रोमन लेखन तिसरंच. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात तिन्ही आले की ठाण्यात छापलेली साधनं एका झटक्यात वेगळी काढता येत नाहीत.

टोपणनावांचाही निर्णय इथेच घ्या. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकच व्यक्ती, पण पुस्तकांवर दोन्ही नावं आहेत. मी पुस्तकावर छापलेलं नाव ठेवते आणि 'एक्स्ट्रा' या झोटेरोतल्या मोकळ्या रकान्यात मूळ नाव लिहिते. मग शोध घेताना दोन्ही नावांनी नोंद सापडते. लग्नाआधी एका नावाने आणि नंतर दुसऱ्या नावाने लिहिणाऱ्या लेखिकांनाही हाच नियम लावा.

पायरी दुसरी: नावं भरणं

मराठी नावाचे तीन भाग: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. सॉफ्टवेअरकडे दोनच कप्पे आहेत. आडनावाच्या कप्प्यात आडनाव, बाकी सगळं दुसऱ्यात. इथवर सोपं आहे. अडचण आद्याक्षरांची. इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर काढणं सोपं, पण 'गंगाधर'चं आद्याक्षर 'गं' आहे, 'ग' नव्हे, आणि 'श्रीपाद'चं 'श्री' आहे. हे काम संगणक नीट करेल यावर भरवसा ठेवू नका. बिबटेक या बिब फाइलवरून सूची बनवणाऱ्या जुन्या कार्यक्रमात तर एकेक देवनागरी अक्षर तीन बाइटांचं असल्यामुळे अक्षराचा तुकडा पडून चौकट उमटू शकते. सूचीत आद्याक्षरंच हवी असतील तर नावाच्या कप्प्यात सरळ 'गं. बा.' असंच टाइप करा. पूर्ण नाव 'एक्स्ट्रा'मध्ये ठेवा.

संतकवींना आडनाव नसतं, संस्थांनाही नसतं. झोटेरोत लेखकाच्या ओळीशेजारी एक छोटं बटण असतं, त्यावर टिचकी मारली की दोन कप्प्यांचा एक होतो. ज्ञानेश्वर, तुकाराम, सिडको, ठाणे महानगरपालिका ही सगळी नावं एका कप्प्यात. बिब फाइलमध्ये यासाठी नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घालावे लागतात, नाहीतर 'ठाणे महानगरपालिका'मधलं 'महानगरपालिका' आडनाव ठरतं. तिथे दोन लेखकांच्या मध्ये 'व' किंवा 'आणि' चालत नाही, रोमन 'अँड'च लागतो, नाहीतर दोघे मिळून एकच लेखक होतात.

काही जण सगळीच नावं एका कप्प्यात 'आडनाव, आद्याक्षरं' अशी भरतात, कारण सूचीत ती हवी तशी छापली जातात. पण मजकुरात कंसात संदर्भ आला की तिथेही आद्याक्षरांसकट सगळं नाव येतं. तळटीप पद्धतीला ही युक्ती कशीबशी चालते. लेखक-वर्ष पद्धतीला नाही.

पायरी तिसरी: सालं

जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झालं. त्या सालच्या पुस्तकावर शके १८१५ असू शकतं. तारखेच्या रकान्यात तुम्ही १८१५ लिहिलंत तर सॉफ्टवेअर ते इसवी सन समजतं आणि नोंद पाऊणशे वर्षं मागे जाऊन बसते. शकाची सोय यांतल्या कुठल्याही कार्यक्रमात नाही.

शकात ७८ मिळवा, इसवी सन येतं. मात्र शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे पौष-माघातलं प्रकाशन असेल तर ७९ मिळवावे लागण्याचा संभव असतो. महिना छापलेला असेल तर तो पाहा. नसेल तर ७८ धरा, आणि 'एक्स्ट्रा'मध्ये 'मुखपृष्ठावर शके १८१५' अशी ओळ लिहा. ही ओळ पुढे फार उपयोगी पडते, कारण परीक्षकाने विचारलं तर पुस्तक पुन्हा शोधावं लागत नाही. सालच छापलेलं नसेल तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत बघा. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद तिच्या पहिल्या भागात आहे आणि पुढचा भाग १९५० पर्यंत येतो.

तारखेच्या रकान्यात देवनागरी अंक घालू नका. लेखात, प्रस्तावनेत, कुठेही देवनागरी अंक लिहा, पण या एका रकान्यात इंग्रजी अंकच हवेत, कारण देवनागरी अंकांतलं वर्ष झोटेरो वर्ष म्हणून ओळखत नाही. छापील सूचीत देवनागरी अंक हवे असतील तर अगदी शेवटी, सूची साध्या मजकुरात बदलल्यावर, 'शोधा आणि बदला' वापरून दहा अंक बदलून घ्या.

पुनर्मुद्रणासाठी मूळ सालाचा वेगळा रकाना झोटेरोच्या पुस्तकाच्या नोंदीत दिसत नाही. 'एक्स्ट्रा'च्या पहिल्या ओळीवर रोमन लिपीत 'ओरिजिनल-डेट', मग कोलन आणि वर्ष असं लिहिलं तर एपीएसारख्या शैली, म्हणजे सूची कशी मांडायची याचे तयार नियम, ते उचलतात.

पायरी चौथी: आपल्या साधनांना खण नाही, तो शोधायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

दिवाळी अंक ही आपली १९०९ पासूनची परंपरा, पण सॉफ्टवेअरच्या यादीत असा प्रकार नाही. दिवाळी अंकातला लेख 'नियतकालिकातला लेख' म्हणून भरा, अंकाच्या रकान्यात 'दिवाळी' लिहा, तारखेत फक्त वर्ष. तारखेत 'दिवाळी २०१९' लिहिण्याचा मोह टाळा.

स्मरणिका आणि गौरवग्रंथ 'पुस्तक' म्हणून भरा आणि त्यांतले लेख 'पुस्तकातलं प्रकरण' म्हणून. झोटेरोत पुस्तकाच्या नोंदीवर उजवी टिचकी मारून त्यातलं प्रकरण तयार करता येतं आणि संपादक, प्रकाशक वगैरे माहिती नव्या नोंदीत येते. पण ती फक्त प्रत असते. पुढे मूळ पुस्तकातली प्रकाशकाची चूक सुधारलीत तरी प्रकरणांत ती तशीच राहते. दोन नोंदी 'संबंधित' म्हणून जोडल्या तरी माहिती एकीतून दुसरीत जात नाही. याबाबतीत बिबटेक पुढे आहे. त्यात 'क्रॉसरेफ' लिहिलं की प्रकरण आपली उरलेली माहिती पुस्तकाकडून घेतं. अट एवढीच की बिब फाइलमध्ये पुस्तकाची नोंद प्रकरणाच्या खाली असली पाहिजे. वर ठेवलीत तर बिबटेक तक्रार करतं आणि माहिती येत नाही. कित्येकांनी यावर तास घालवले आहेत.

वर्तमानपत्राच्या बातमीला प्रकार आहे, पण आपल्याकडे मुख्य अंक वेगळा आणि ठाणे-नवी मुंबईची पुरवणी वेगळी, दोन्हींना पान एक असतं. 'एडिशन' रकान्यात आवृत्तीचं शहर आणि 'सेक्शन' रकान्यात पुरवणीचं नाव लिहा. जानेवारी १९८४ च्या उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनावरची कात्रणं लावताना हे आधीच केलेलं असेल तर पान शोधायला पुन्हा ग्रंथालय गाठावं लागत नाही.

शासन निर्णय 'अहवाल' म्हणून भरा. विभाग संस्थेच्या रकान्यात, निर्णय क्रमांक अहवाल क्रमांकाच्या रकान्यात, आणि तारीख पूर्ण, कारण एकाच विषयावर त्याच वर्षी शुद्धिपत्रक निघालेलं असू शकतं. सातबारा उतारे, गावसभेची पत्रकं, हस्तलिखित अर्ज यांच्यासाठी 'हस्तलिखित' किंवा 'दस्तऐवज' घ्या आणि कागद कुणाकडे, कुठल्या कार्यालयात, कुठल्या बस्त्यात पाहिला ते 'आर्काइव्ह'च्या दोन रकान्यांत लिहा.

झोटेरोत स्वतःचा प्रकार किंवा स्वतःचा रकाना तयार करता येत नाही. जॅबरेफमध्ये येतो. पण जॅबरेफमध्ये केलेला 'दिवाळीअंक' प्रकार छापील सूचीत उतरायला शैलीलाही तो माहीत असावा लागतो, नाहीतर नोंद 'संकीर्ण'सारखी छापली जाते. म्हणून मी आहे त्याच प्रकारात बसवते आणि प्रत्येक नोंदीला 'दिवाळी अंक', 'स्मरणिका', 'पत्रक' अशी खूण लावते. प्रस्तावनेत कुठल्या प्रकारची किती साधनं वापरली हे सांगायचं असेल तेव्हा त्या खुणेवर एकदा टिचकी मारली की संख्या मिळते.

पायरी पाचवी: आपोआप येणारी माहिती

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप भरते, ही सोय इंग्रजी पुस्तकांसाठी फारच छान आहे. भारतीय पुस्तकांचे क्रमांक ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होतात. मराठी पुस्तकावर असा क्रमांक असला तरी माहिती परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून आली तर शीर्षक रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली रेघा-टिंबं घेऊन येतं. तेच पुस्तक तुम्ही आधी देवनागरीत भरलेलं असेल तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहतात आणि सॉफ्टवेअरला त्या एकच आहेत हे कळत नाही. क्रमांकांची पद्धत सुरू होण्याआधीच्या पुस्तकांचं तर सगळं हातानेच.

रोमन लिपीत आलेली नोंद लगेच देवनागरीत करा, नंतर करू म्हणून ठेवू नका. भाषेच्या रकान्यात मराठीचा 'एमआर' हा संकेत घाला. एका नोंदीत शीर्षक देवनागरीत, लिप्यंतरात आणि भाषांतरात अशा तिन्ही रूपांत ठेवायची सोय नाही. इंग्रजी प्रबंधासाठी लिप्यंतर आणि चौकटी कंसात भाषांतर मागतात, तेव्हा ते दोन्ही शीर्षकाच्या रकान्यातच लिहावं लागतं. अशा वेळी देवनागरी शीर्षक 'एक्स्ट्रा'मध्ये जपून ठेवा, पुढे मराठी लेख लिहाल तेव्हा लागेल.

पीडीएफबद्दल एक सावधगिरी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आतला मजकूर रोमन अक्षरांची खिचडी असते. तिच्यात शोध चालत नाही. तिथून शीर्षक कॉपी करू नका, टाइप करा. पूर्ण मजकुरात शोध हवाच असेल तर पानं चित्र म्हणून घेऊन टेसरॅक्ट या कार्यक्रमाने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या. त्यात मराठीची सोय आहे.

पायरी सहावी: दुहेरी नोंदी

झोटेरो दुहेरी नोंदी शोधताना शीर्षक, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि आयएसबीएन पाहतं, त्यानंतर साल आणि लेखक. शीर्षकात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असेल, तर जोडी निसटते. जुन्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार असतात आणि आपण टाइप करताना ते नकळत गाळतो. शिवाय 'ऱ्या'मधला 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकाच संकेताने किंवा 'र'ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून महिन्यातून एकदा सगळी यादी सालाप्रमाणे लावून डोळ्यांखालून घाला, शीर्षकाप्रमाणे नव्हे. एका सालात पाच-दहा नोंदी असतात, त्यांत जुळी नोंद पटकन दिसते. दोन नोंदी एकत्र करायच्या तर दोन्हींचा प्रकार एकच हवा, म्हणून आधी प्रकार सारखा करा. पन्नास नोंदींतला प्रकाशक एका फटक्यात बदलायची सोयही झोटेरोच्या नेहमीच्या पडद्यावर नाही. नियमवही असली की ती वेळच फारशी येत नाही.

पायरी सातवी: वर्णानुक्रम

'क्षीरसागर' कुठे यावेत? मराठी वर्णमालेप्रमाणे ह, ळ, क्ष, ज्ञ, म्हणजे अगदी शेवटी. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरसंकेतांच्या, तक्त्यात 'क्ष' हे वेगळं अक्षरच नाही, ते क, हलन्त आणि ष यांचं जोडाक्षर. त्यामुळे साध्या बाइटक्रमाने लावणारं बिबटेक क्षीरसागरांना 'क'च्या शेवटी, 'खरे' यांच्या आधी बसवतं. तक्त्यात 'ळ'ही 'ल'च्या लगेच पुढे आहे. लाटेकमध्ये बिबटेकऐवजी बिबलाटेक आणि बिबर ही नवी जोडी वापरा आणि 'सॉर्टलोकेल' या क्रमाच्या सेटिंगमध्ये मराठी घाला, तिथे मराठी क्रमाचे नियम आहेत.

मराठी आणि इंग्रजी साधनं एकाच यादीत मिसळू नका. मराठी, इंग्रजी, अप्रकाशित कागदपत्रं असे विभाग पाडले की वाचणाऱ्यालाही सोपं जातं. झोटेरो मात्र एका दस्तऐवजात एकच सलग सूची देतं, विभाग पाडून देत नाही. शेवटी साध्या मजकुरात बदलल्यावर परिच्छेद उचलून ठेवावे लागतात. एक दिवस त्यासाठी राखून ठेवा.

पायरी आठवी: 'संपा.' आणि 'व इतर'

शैलीची भाषा सगळ्या दस्तऐवजाला एकच लागते. मराठी पुस्तकापुढे 'संपा.' आणि इंग्रजी पुस्तकापुढे त्याचा इंग्रजी शब्द, असं नोंदीगणिक बदलत नाही. पण शैली म्हणजे एक साधी एक्सएमएल फाइल असते. तिची प्रत काढा, तिला नवीन नाव आणि नवीन ओळखपत्ता द्या, आणि आतल्या शब्दांच्या भागात 'आणि', 'व इतर', 'संपा.', 'अनु.', 'पृ.' हे शब्द घाला. झोटेरोच्या सेटिंगमध्ये शैली संपादक आहे, तिथे बदलाचा परिणाम लगेच दिसतो. हे एकदा केलं की मैत्रिणींनाही ती फाइल देता येते. वाशीच्या एका अभ्यासगटात आम्ही तेच केलं, सगळ्यांचे प्रबंध त्याच एका शैलीवर झाले.

पायरी नववी: मार्गदर्शकांकडे फाइल पाठवताना

वर्डमधले झोटेरोचे संदर्भ आतून संकेतांचे बनलेले असतात. ती फाइल दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमात उघडून जतन केली की संकेत तुटू शकतात आणि मग संदर्भ नुसती अक्षरं उरतात. मार्गदर्शकांना पीडीएफ पाठवा आणि सुधारणा त्यांच्याकडून टिपणं म्हणून घ्या. वर्डमधून लिबरऑफिसमध्ये जायचंच असेल तर झोटेरोच्या दस्तऐवज सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, ती वापरूनच जा. साध्या मजकुरात बदलण्याची आज्ञा द्यायच्या आधी फाइलची प्रत ठेवा, कारण तो बदल परत फिरवता येत नाही.

पायरी दहावी: जपणूक

झोटेरोबरोबर फाइलींसाठी ३०० एमबी जागा मोफत मिळते. स्कॅन केलेली पाच-सहा पुस्तकं ठेवली की ती संपते. नोंदी मात्र त्यानंतरही जुळवून घेतल्या जातात. डेटाबेसची मुख्य फाइल ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून चालवू नका, ती बिघडण्याचा धोका असतो. दर रविवारी कार्यक्रम बंद करून सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी न्यायच्या तर आरआयएस किंवा बिबटेक या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकारांत काढताना तुमची गटवारी येत नाही आणि प्रकारही बदलतात. झोटेरोच्या आरडीएफ या फाइलप्रकारात गट आणि टिपणं टिकतात, म्हणून जपण्यासाठी तीच प्रत ठेवा. देवाणघेवाणीसाठी बिबटेक काढलंत तर पाच वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदी आधी काढून पाहा: एक दिवाळी अंक, एक शासन निर्णय, एक शके असलेलं पुस्तक, एक संस्था लेखक, एक गौरवग्रंथातला लेख. या पाच नीट गेल्या तरच बाकीच्या काढा.

प्रबंध बांधायला देण्याच्या आठवडाभर आधी सूची कागदावर छापा आणि नियमवही शेजारी घेऊन बसा. एकीने पुस्तकावरची माहिती मोठ्याने वाचायची, दुसरीने छापील ओळीवर पट्टी धरून तपासायचं. नेरुळच्या त्या विद्यार्थिनीबरोबर आम्ही असं केलं तेव्हा सिडको एकाच जागी आलं होतं, पण दोन पुस्तकांचं प्रकाशनस्थळ अजून 'थाना' राहिलं होतं. ते वहीत लिहिलं आणि दुरुस्त करून पानं पुन्हा छापली.